लॅपटॉपची बैठक आणि मानेचे दुखणे

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. सत्तावीस वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर दवाखान्यात आली. नोकरी पुण्याच्या कंपनीत. २०२० च्या टाळेबंदीत गावी आली, ती तेव्हापासून घरूनच काम करते. संध्याकाळपर्यंत मान आणि खांदे दगडासारखे होतात, आणि पहाटे उजव्या हाताचा अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येते, अशी तक्रार होती. हात झटकला की थोडे बरे वाटे. आधी दोन ठिकाणी दाखवून झाले होते. गळ्यात पट्टा होता, पिशवीत मानेचा एमआरआय होता आणि वेदनाशामक गोळ्यांनी पोटात जळजळ सुरू झाली होती. वडील हळूच म्हणाले, "डॉक्टर, नोकरी सोडायला सांगू का हिला? पण घराचे हप्ते तिच्याच पगारावर चाललेत."

एमआरआयमध्ये काळजीचे काही नव्हते. मी मुलीला विचारले, "तू कामाला बसतेस कशी, हे कुणी पाहिले का गं?"

"नाही काका. तसे कुणी विचारलेच नाही."

"मग उद्या काम चालू असताना भावाला बाजूने एक फोटो काढायला सांग आणि तो घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी फोटो आला आणि निम्मे निदान त्यातच झाले. जेवणाचे टेबल, प्लास्टिकची खुर्ची, टेबलावर सपाट ठेवलेला लॅपटॉप. मान पुढे झुकलेली, खांदे कानांकडे उचललेले, मनगटे टेबलाच्या धारेवर टेकून वर वळलेली आणि टाचा अधांतरी.

दोष कुठे आहे?

लॅपटॉप हे प्रवासात बरोबर नेण्यासाठी केलेले यंत्र आहे. त्याचा पडदा आणि की-बोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. सारी अडचण इथेच आहे. हातांना सोयीचे व्हावे म्हणून तो खाली ठेवला, तर पडदा खाली जातो आणि मान वाकते. डोळ्यांसमोर यावा म्हणून उंच ठेवला, तर हात उचलून टाइप करावे लागते आणि खांदे दुखतात. रोज आठ तास काम करायचे तर या दोघांची फारकत करावीच लागते.

मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते मणक्यांवर सरळ तोललेले असेल तर स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. पुढे झुकले की मागचे स्नायू त्याला सतत ओढून धरतात. भरलेली कळशी अंगाशी धरणे आणि हात लांब करून धरणे, यांत जो फरक तोच इथे आहे. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यचिकित्सक डॉ. केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये याचे गणित मांडले. मान ३० अंश वाकली तर मानेवर येणारा भार सुमारे १८ किलो आणि ६० अंश वाकली तर सुमारे २७ किलो होतो, असे त्यांचे अनुमान आहे.

बोटांच्या मुंग्यांचे कारण मनगटात होते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना देणारा मज्जातंतू मनगटातील एका अरुंद बोगद्यातून जातो. मनगट वर वळलेले राहिले की त्या बोगद्यातील दाब वाढतो. मात्र मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि गरोदरपण यांतही हाच त्रास होतो. म्हणून तिच्या रक्तातील साखर व थायरॉइड तपासून घेतले. दोन्ही ठीक होते.

हे दुखणे नवे नाही. व्यवसायजन्य आजारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारे इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींवर एक प्रकरण घातले. सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण ही तीन कारणे त्यांनी सांगितली. बोरूच्या जागी की-बोर्ड आला, कारणे तीच राहिली.

मापे आपल्या शरीराची घ्या

महागडे टेबल आणून उपयोग होत नाही, कारण एकच टेबल सहा फुटी मुलाला आणि पाच फुटी मुलीला सारखे बसत नाही. मापे घेण्याचा क्रम असा ठेवावा.

१. आधी खुर्ची. पाठ टेकून बसा, खांदे सैल सोडा आणि कोपरे काटकोनात वाकवा. आता हात की-बोर्डवर सहज यायला हवेत. आपल्याकडील जेवणाचे टेबल सुमारे ३० इंच उंच असते. ठेंगण्या माणसाला ते उंच पडते. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्चीवर घट्ट उशी घालून आपण वर यावे. कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवावी.

२. मग पाय. वर बसल्यामुळे पाय लोंबकळतात आणि मांडीखाली दाब येतो. पायांखाली जेवायचा पाट ठेवावा. एक पुरला नाही तर दोन ठेवावेत, पण ते सरकू नयेत.

३. मग पडदा. लॅपटॉप इतका उचलावा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येईल. बहुतेकांना सहा ते नऊ इंच उचलावा लागतो. बाजारात स्टँड मिळतात. जाड पुस्तकांची चळत किंवा लाकडी खोकेही चालते. मात्र हवा जाण्याच्या फटी झाकू नयेत. अंतर हात लांब केल्यावर बोटे पडद्याला लागतील एवढे असावे.

४. मग वेगळा की-बोर्ड आणि माऊस. लॅपटॉप उचलला की हे घ्यावेच लागतात. नुसता स्टँड घेतला तर मानेचे दुखणे खांद्यांवर जाते. तारेची साधी जोडी हजार रुपयांच्या आत मिळते. माऊस की-बोर्डला खेटून ठेवावा. मनगट सरळ राहावे, टेबलाच्या धारेवर टेकू नये. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपर कडक कडेवर टेकते का ते पाहावे.

५. दुसरा पडदा हवा असेल तर ज्यावर जास्त काम तो बरोबर नाकासमोर, दुसरा त्याच्या बाजूला. दोन्हीवर सारखेच काम असेल तर दोघांची जोडकड नाकासमोर यावी.

६. खिडकी बाजूला असावी. ती पाठीमागे असली तर पडद्यावर चमक येते, समोर असली तर डोळे दिपतात. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे.

चाळिशीचा चष्मा असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. दवाखान्याचा हिशेब लिहिताना मीही लॅपटॉप उंच केला आणि आठवड्यात माझीच मान धरली. माझ्या चष्म्यात जवळचे पाहण्याची काच खाली आहे. उंच पडदा वाचायला मी हनुवटी वर करून बसत होतो. अशांनी पडदा दोन-चार इंच खालीच ठेवावा, किंवा त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा.

बसून राहणे हाही दोषच

एवढे सगळे जुळवले तरी कोणतीही बैठक आठ तास चांगली नसते. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे. पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नये, माठापर्यंत जावे. फोन आला तर उभ्याने बोलावे. पलंगावर लोळत किंवा मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन् तास बसू नये. त्याच्या सततच्या उष्णतेने मांडीच्या त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात.

त्या मुलीच्या घरी उंची आठ इंच निघाली. तिने देव्हाऱ्याजवळचा चौरंग उचलला, तेव्हा आई म्हणाली, "पूजेचा नको गं." मग वडिलांनी सुताराकडून लाकडी घडवंची करून आणली. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधायला दिली, गळ्यातला पट्टा काढला आणि मान-खांद्यांचे साधे व्यायाम शिकवले. दीड महिन्याने आली तेव्हा पहाटेची जाग थांबली होती. मान अजून दुखते, पण महिनाअखेरीस काम वाढले तरच. नोकरी चालू आहे.

हे लगेच दाखवा

हातातून वस्तू निसटणे, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग सुकणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, तापासह मान आखडणे किंवा रात्रभर न थांबणारी वेदना असेल तर बैठक बदलत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. डाव्या हाताबरोबर छातीत दुखत असेल, घाम येत असेल, तर तडक रुग्णालय गाठावे.

बाकीच्या वाचकांनी आज एवढे करावे. काम चालू असताना घरातल्या कुणाला तरी, न सांगता, आपला बाजूने एक फोटो काढायला सांगावा. कान खांद्याच्या वर आहे की पुढे, मनगट सरळ आहे की वळलेले, आणि पाय टेकले आहेत का, या तीन गोष्टी त्यात पाहाव्यात. दुरुस्ती कुठून सुरू करायची ते त्यातच दिसेल.