शेतरस्त्यावरील पिकअप गाडी : मागील पाट्यांची निवड

शेतमाल बाजारात नेण्यासाठी आता पुष्कळ शेतकरी स्वतःची पिकअप गाडी बाळगतात. डांबरी सडकेवर धावणारी ही गाडी दिवसातून एकदा तरी पाणंदीत उतरते. तेथे खोल चाकोऱ्या, ओढ्याचे उतार, बांधावरील दगड आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल यांतून तिला वाट काढावी लागते. गाडीचे पोट खाली घासू लागले की मागील पाटे बदलून किंवा त्यांत भर घालून गाडी उंच करण्याचा विचार मनात येतो. हा विचार चुकीचा नाही; परंतु नुसती उंची पाहून पाटे निवडल्यास पैसा वाया जातो, माल खराब होतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून पाट्यांच्या निवडीची तत्त्वे येथे दिली आहेत.

पाट्यांचे कार्य

बोलेरो पिकअप व टाटा योद्धा यांसारख्या मालवाहू गाड्यांना मागे पाटे असतात. इसुझू व्ही-क्रॉस व टोयोटा हायलक्स या चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाड्यांनाही मागे पाटेच असतात. याचे कारण असे की, पाटे एकाच वेळी दोन कामे करतात. ते भार पेलतात आणि मागील ॲक्सल जागच्या जागी धरून ठेवतात. सर्वांत वरच्या लांब पाट्यास मेन पाटा म्हणतात. त्याच्या पुढील टोकाचा डोळा चासीला पक्का जोडलेला असतो. मागील डोळा शॅकल नावाच्या हलत्या दुव्याने जोडतात. कारण भार पडून कमान सपाट झाली की पाट्याच्या दोन टोकांतील अंतर वाढते व त्यास सरकण्यास जागा लागते. मधोमध सेंटर बोल्ट सर्व पाटे एकत्र ठेवतो व यू-बोल्ट त्यांना ॲक्सलवर आवळून धरतात.

कडकपणा निराळा, उंची निराळी

या विषयातील मुख्य गोष्ट हीच होय. पाट्याचा कडकपणा म्हणजे तो किती किलो भाराने किती दबतो याचे मान. उंची मात्र कडकपणाबरोबर त्याच्या कमानीवरही अवलंबून असते. कडक पाटा उंच असेलच असे नाही आणि उंच पाटा अधिक माल वाहीलच असेही नाही.

उदाहरणादाखल असे समजू की, एका बाजूच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचा ३०० किलो व भरलेल्या गाडीचा ८०० किलो भार येतो आणि ते दर ५ किलोस १ मिलिमीटर दबतात. रिकामेपणी ते ६० मिलिमीटर व भरल्यावर १६० मिलिमीटर दबतील. म्हणजे माल भरताच गाडी १० सेंटिमीटर खाली बसेल. आता त्या सहा पाट्यांत त्याच मापाचा व त्याच कमानीचा सातवा पाटा घातला, तर कडकपणा सुमारे एक षष्ठांशाने वाढेल. भरलेली गाडी पूर्वीपेक्षा सुमारे २३ मिलिमीटर वर राहील. रिकामी गाडी मात्र जेमतेम ९ मिलिमीटर उंचावेल.

जाडीचा परिणाम याहून फार मोठा असतो. कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटर जाडीच्या पाट्यांऐवजी १० मिलिमीटरचे तितकेच पाटे घातले तर कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. उलट, पाट्याची लांबी एक दशांशाने वाढविली तर तो सुमारे एक चतुर्थांशाने मऊ होतो.

वरील उदाहरणातील रिकामी गाडी दणका बसल्यावर सेकंदास सुमारे दोन झोके घेईल व भरलेली सव्वा. कडकपणा दुप्पट केल्यास रिकाम्या गाडीचे झोके जवळजवळ तीन होतात. मग चालकाची कंबर दुखते. अशा पाट्यांवर थोडाच माल भरला, तर द्राक्षाचे मणी गळतात, टोमॅटो फुटतात आणि डाळिंबाच्या सालीवर डाग पडतात. एवढेच नव्हे, तर फार कडक पाटे चाकोरीत पुरेसे वाकत नाहीत. एका बाजूचे चाक अधांतरी राहते, तेच गरगर फिरते आणि दुसऱ्या चाकास ओढ मिळत नाही. लवचीक पाट्यांवरील चाक खाचेत उतरून जमिनीला धरून राहते. खराब रस्त्यावर हाच गुण उंचीहून अधिक उपयोगी पडतो.

प्रथम वजन करावे

पाटे घेण्यापूर्वी गाडी भुईकाट्यावर न्यावी. चालक व इंधन यांसह रिकाम्या गाडीची केवळ मागील चाके काट्यावर उभी करून वजन घ्यावे. नंतर नेहमीचा माल भरून तसेच वजन करावे. दोन्ही वेळा गाडी सपाटीवर असावी. या वजनात चाके व ॲक्सल यांचेही वजन येते, जे पाट्यांवर पडत नाही. म्हणून दोन वजनांतील फरक हाच निवडीस उपयुक्त आकडा समजावा. त्याच वेळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजल्यास टायरमधील हवेने माप बदलते.

मागील ॲक्सलवर जास्तीत जास्त किती भार चालतो हे उत्पादकाने ठरविलेले असते. पाटे बळकट केल्याने ही मर्यादा वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर व चासी ही पूर्वीचीच राहतात. बळकट पाट्यांवर जादा माल भरल्यास गाडी खाली बसत नाही, म्हणून धोका दिसत नाही इतकेच.

कोणते पाटे निवडावे

(१) गाडी बहुधा रिकामी किंवा थोड्या मालाने फिरत असेल, तर मूळच्या कडकपणाचेच, पण थोडी अधिक कमान असलेले लांब पाटे घ्यावे. पॅराबोलिक पाटे या कामास चांगले. त्यांत पाटे थोडे असून प्रत्येक पाटा मध्ये जाड व टोकांकडे पातळ होत जातो. ते फक्त मध्यभागी व टोकांशी टेकत असल्याने घर्षण कमी होते व दणका मऊ लागतो. मात्र पाटे थोडे असल्याने एक तुटला तर उरलेल्यांवर मोठा भार येतो आणि त्याच मापाचा पाटा खेड्यात लगेच मिळेल असे नाही.

(२) जाताना भरलेली व येताना रिकामी, अशी बहुतेक शेतकऱ्यांची गाडी असते. त्यांनी दोन टप्प्यांचे पाटे पसंत करावे. वरचे पाटे मऊ असतात व खालचे जाड हेल्पर पाटे भार वाढल्यावरच टेकतात. रिकामी गाडी मऊ चालते व भरलेली गाडी तोल सांभाळते.

(३) फवारणीची टाकी, अवजारांची पेटी असा भार हौद्यात कायम असेल, तर त्या वजनाला जुळणारे अधिक कडक पाटे घ्यावे. ५०० लिटर पाणी म्हणजेच ५०० किलो भार, हे विसरू नये. ऑस्ट्रेलियात अशा गाड्यांचे पाटे विकताना कायम भार किती किलो आहे यावरून त्यांचे वर्ग पाडलेले आढळतात. आपणही विक्रेत्याला उंची सांगण्यापूर्वी वजन सांगावे.

उंची वाढविण्याच्या रीती

अधिक कमानीचे नवे पाटे ही सर्वांत चांगली रीत. वाढ तीन ते पाच सेंटिमीटरपुरती ठेवावी. कमान फार दिल्यास शॅकलचा कोन बिघडतो व पाटा आखडून चालतो.

एक जादा पाटा घालणे स्वस्त पडते. तो शक्य तितका लांब असावा. आखूड पाट्याच्या टोकाशी ताण एकवटतो व वरचा पाटा तेथेच तुटण्याचा संभव असतो.

ॲक्सल व पाटे यांच्यामध्ये ठोकळा घातल्यास पाट्यांचा कडकपणा बदलत नाही. परंतु तरफ लांब होते. ब्रेक लावताना व जोराने गाडी ओढताना ॲक्सल पीळ घेतो व पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडतात. ठोकळा एकसंध धातूचाच असावा. लाकडाचा ठोकळा किंवा ठोकळ्यावर ठोकळा कधीही घालू नये.

लांब शॅकल बसविल्यास जितकी लांबी वाढते त्याच्या सुमारे निम्मीच उंची मिळते आणि ॲक्सलचा कोन फिरतो.

बसलेले जुने पाटे ठोकून पुन्हा कमान देण्याची चाल आहे. पोलादाला योग्य तापमानावर पाणी दिले नाही, तर ती कमान थोड्याच दिवसांत उतरते. गॅसने तापवून वाकविलेला किंवा वेल्डिंग केलेला पाटा वापरूच नये. तो अचानक तुटतो.

उंची वाढल्यावर काय बदलते

पाट्यांनी गाडीचे पोट वर जाते. ॲक्सलच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा मात्र होता तेथेच राहतो. चाकोरीतील दगड त्यालाच लागत असेल, तर पाटे बदलून उपयोग होणार नाही. गोळा वर नेण्यास मोठ्या व्यासाचे टायर लागतात आणि व्यासातील वाढीच्या निम्मीच उंची मिळते.

अनेक गाड्यांत मागील ब्रेकचा जोर भारानुसार ठरविणारा व्हॉल्व्ह असतो. चासी व ॲक्सल यांतील अंतरावरून तो भार ओळखतो. पाट्यांनी हे अंतर वाढले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागील ब्रेकला जोर कमी मिळतो. घाटात हीच चूक अपघातास कारण होऊ शकते. म्हणून या व्हॉल्व्हची जुळणी जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी. ब्रेकची रबरी नळी, हँडब्रेकची तार व शॉक ॲब्सॉर्बर यांची लांबी पुरते की नाही, हेही चाक पूर्ण खाली सोडून पाहावे. प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडल्यास गाडी थरथरते व जॉइंट लवकर झिजतो.

गाडी कलंडण्याचा धोका वाढतो, हे तर उघडच आहे. दोन चाकांतील अंतर १.४ मीटर व गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटर उंचीवर असल्यास गाडी सुमारे ३८ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरने वर गेल्यास हा कोन ३५ अंशांवर येतो आणि कडब्याची उंच थप्पी रचून तो १२० सेंटिमीटरवर गेल्यास ३० अंशांवर. हे कागदावरील आकडे झाले. प्रत्यक्षात पाटे व टायर दबत असल्याने गाडी त्यापूर्वीच कलंडते. उंच केलेल्या गाडीत जड माल खाली ठेवावा आणि मालावर माणसे कधीही बसवू नयेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ विनिर्देशापेक्षा नोंदणीतील तपशील निराळा होईल असा बदल करण्यास बंदी आहे व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती स्पष्ट केली आहे. म्हणून खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

बसविताना व नंतर

पाटे दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. यू-बोल्ट नवे वापरावे. डोळ्यांतील रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळावे. नाही तर बुश पिळून फाटतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर व पुन्हा पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट तपासून आवळावे. दर हंगामापूर्वी माती धुऊन पाट्यांस तडा, सरकलेला सेंटर बोल्ट, सैल क्लिप यांची पाहणी करावी व पूर्वी लिहून ठेवलेल्या उंचीशी ताळा पाहावा.

सारांश, आपला माल किती किलो, रस्ता कसा आणि गाडी नेमकी कोठे घासते, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती घेऊनच पाट्यांच्या दुकानात जावे. पुष्कळदा असे आढळेल की, मूळ मापाचे नवे पाटे, ठरलेल्या मर्यादेतील भार आणि गावकऱ्यांनी मिळून बुजविलेली पाणंदीतील चाकोरी, एवढ्याने काम भागते.