खानदेशातील शहामृग

शहामृग आफ्रिकेतला, हे तुम्ही शिकला आहात. पण एके काळी तो आपल्या खानदेशातही होता!

पाचोऱ्याहून मुंबईकडे आगगाडीने निघालात, की चाळीसगाव लागते. त्याच तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. १९७०च्या दशकात एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनन केले. दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांचे मणी सापडले. एका तुकड्यावर तर जाळीदार रेघा कोरलेल्या होत्या! कवचातील किरणोत्सारी कार्बन ठराविक गतीने घटत जातो. उरलेला कार्बन मोजून वय काढले. ते निघाले सुमारे २५,००० वर्षे.

शहामृगाला मोकळा, कोरडा गवताळ प्रदेश मानवतो. म्हणजे त्या वेळी खानदेश वाळवंट नसला, तरी रुक्ष माळ होता. असे का? ते हिमयुग होते. समुद्र थंड झाल्याने बाष्प कमी बनत होते आणि मोसमी पाऊस दुबळा होता.

असा तुकडा तुम्हांला नदीकाठी दिसला तर? उचलू नका. जागा नीट लक्षात ठेवा व शिक्षकांना सांगा. तो कोणत्या थरात होता, हे कळले तर त्याचे वय आणि त्या काळचे हवामान समजायला मदत होते.