कीर्तनाची दक्षिणयात्रा

सज्जनहो, एका समाजातला धर्मविचार दुसऱ्या समाजात कसा जातो, हा या लेखाचा विषय. तलवारीने जातो का? राजाज्ञेने जातो का? थोडाफार जातोही. पण जाणे वेगळे आणि रुजणे वेगळे. आंब्याची कोय कोणीही पडशीत घालून नेईल. तिला कोंब फुटायचा तर तिथली माती आणि तिथलेच पाणी हवे. नुसते तत्त्व सांगण्यापेक्षा आम्ही आमच्या सेवेतलाच दाखला घेतो : महाराष्ट्राचे कीर्तन कावेरीकाठी कसे गेले आणि तमिळ कसे झाले.

आधी ऋण मान्य करू. पद्मपुराणातल्या भागवतमाहात्म्यात भक्ती ही तरुण स्त्रीच्या रूपाने नारदांना यमुनातीरी भेटते आणि आपली हकीकत सांगते : जन्म द्रविड देशात, वाढ कर्नाटकात, महाराष्ट्रात ठिकठिकाणी मान, गुर्जर देशात वार्धक्य, आणि वृंदावनी पुन्हा तारुण्य. म्हणजे वाट पहिल्यांदा दक्षिणेकडून इकडे आली. ज्ञानेश्वरी १२९० ची. बारा आळवारांनी तमिळ भाषेत विष्णूला आळवले ते त्याच्या कितीतरी शतके आधी. तेव्हा कीर्तन दक्षिणेला गेले, त्यात आपण कोणावर उपकार केला असे नव्हे. माहेरची ओटी माहेरी परत गेली, एवढेच.

आता ती कशी गेली? १६७५ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरला गादी स्थापली. सैन्यामागून कारकून, शास्त्री, गवई, गोसावी अशी मराठी कुटुंबे तिथे वसली. समर्थांच्या संप्रदायाचे मठ उभे राहिले. सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) वाढविलेल्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आजही आहे. मेरुस्वामी नावाचे रामदासी कीर्तनकार तर तिथून पुढे तिरुवनंतपुरमला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले. त्या राजाने कीर्तनासाठी अजामिळाचे आणि कुचेलाचे, म्हणजे आपल्या सुदाम्याचे, अशी दोन आख्याने संस्कृतात रचली. इथे वारकरी वाचकांनी एक ध्यानात ठेवावे : एक अभंग घेऊन निरूपण करायचे हे आपले वारकरी कीर्तन. तिकडे गेले ते पूर्वरंग-उत्तररंगाचे, आख्यान लावणारे नारदीय आणि रामदासी वळणाचे.

कोणी म्हणेल, “अहो, राजा मराठी, म्हणून कीर्तन चाललं. यात नवल ते काय?” बरं, मग पुढचे पहा. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्रावाचून वारले आणि गादीही संपली. राजाश्रय हेच कारण असते, तर कीर्तनही त्यांच्याबरोबरच संपायचे. झाले ते उलट. १८६४ च्या सुमारास रामचंद्रबुवा मोरगावकर हे कीर्तनकार तंजावरला आले. त्यांची कीर्तने ऐकून तमिळ गायकांना या कलेची गोडी लागली. त्यांतले कृष्ण भागवतर यांनी ती कला अशी आत्मसात केली की तमिळ हरिकथेचे, ज्याला तिकडे कथाकालक्षेपम् म्हणतात त्याचे, जनक म्हणून त्यांना मान मिळाला.

त्यांनी ठेवले काय आणि बदलले काय, यातच सगळे मर्म आहे. उभे राहून कथा करणे ठेवले. हातातल्या चिपळ्या ठेवल्या. तिकडे त्यांना ‘चिप्ला’च म्हणतात. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वळणे ठेवली. पण निरूपण तमिळ केले, राग कर्नाटकी घेतले, त्यागराजांची तेलुगू कीर्तने कथेत गुंफली. एकाच आख्यानात संस्कृत श्लोक, तेलुगू कीर्तन, मराठी साकी आणि तमिळ बोलणे! ऐकणाऱ्याला त्यात परकेपणा वाटला नाही.

आणि कथा कोणती गाजली? नंदनारची. गोपालकृष्ण भारतींनी तमिळमध्ये रचलेले हे चरित्र. नंदनार अस्पृश्य मानलेल्या जातीचा शेतमजूर. चिदंबरमच्या नटराजाची त्याला ओढ. पण मालक सोडीना, आणि मंदिरात प्रवेश नाही. “उद्या जाईन” म्हणता म्हणता त्याचे नावच ‘उद्या जाणारा’ असे पडले. वाचकहो, आपले चोखोबा आठवले ना? चिपळ्या पंढरीच्या वाटेवरच्या आणि आर्त चिदंबरमच्या वाटेवरचे; पण दुःख एकच. म्हणून ती कथा त्या साच्यात इतकी चपखल बसली.

पण इथे थांबून विचार केला पाहिजे. कथेत नंदनारला देवापुढे जाण्याआधी अग्नीतून जावे लागते. का जावे लागावे? ज्याचे मन शुद्ध, त्याला आणखी कसली शुद्धी? इकडे चोखोबांनी १३३८ मध्ये देह ठेवला. त्यांची समाधी महाद्वारापाशी, दाराबाहेर. त्यांच्या ज्ञातिबांधवांना पंढरीच्या मंदिराचे दार उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. मध्ये सहाशेहून अधिक वर्षे गेली. तोवर आपले कीर्तन कावेरी ओलांडून दुसऱ्या भाषेत नांदूही लागले होते! विचाराला परमुलूख गाठणे त्या मानाने सोपे. आपलेच दार ओलांडून आत येणे कठीण. गाणे ओठांवरून जाते, आचरणाला मात्र ‘मी मोठा’ हा उंबरठा ओलांडावा लागतो.

शेवटी नव्या कीर्तनकारांसाठी दोन शब्द. कर्नाटकी गायनाच्या बैठकीत आज मराठी अभंग गायिले जातात. उच्चार आपल्यासारखे नसतात, म्हणून काही मंडळी नाक मुरडतात. त्यांना आम्ही म्हणतो, बाबांनो, भाव पहा. कृष्ण भागवतरांनी साकी तमिळ वळणाने म्हटली म्हणून ती बाटली नाही, जगली. तुम्हीही दुसऱ्याचे चांगले घ्या आणि आपले मोकळ्या हाताने द्या. मात्र जे रंगात येऊन गाता, ते आपल्या गावच्या देवळात, पंगतीत आणि पाणवठ्यावर खरे आहे की नाही, हे कीर्तनाला उभे राहण्याआधी एकदा पाहून घ्या.

रामकृष्णहरि.