पित्ताची गोळी आणि झोपेची गोळी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक मुलाच्या खांद्याचा आधार घेत दवाखान्यात आले. पहाटे लघवीला उठले असताना मोरीच्या उंबऱ्याशी त्यांचा तोल गेला होता आणि मनगट सुजले होते. मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पडण्याचं एक वेळ समजू शकतो. पण आठ-दहा दिवसांपासून अण्णा सकाळी उठतच नाहीत. उठले तरी डोळे जड, बोलणं अडखळत, पेपर हातात घेऊन तसेच पेंगतात. शेजारी म्हणतात, अर्धांगाचा झटका असेल."

झटक्याची कोणतीही लक्षणे तपासणीत आढळली नाहीत. मग मी त्यांना घरातील सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणायला सांगितले. पिशवीतून उलगडा झाला. पत्नीच्या निधनानंतर अण्णा गेली काही वर्षे रात्री डायझेपामची ५ मिलिग्रॅमची गोळी घेत होते. तीत नवीन काही नव्हते. नवीन होती ती ओमेप्राझोलची कॅप्सूल. छातीत जळजळ होते म्हणून तोंडी सांगून दुकानातून आणलेली आणि दोन आठवड्यांपासून रोज चालू असलेली. झोपेच्या गोळीचे त्यांनी दुकानदाराला सांगितले नव्हते. "पित्ताच्या गोळीचा झोपेशी काय संबंध?" हा त्यांचा प्रश्न. आजचा लेख याच प्रश्नाचे उत्तर आहे.

यकृतातील एकच खिडकी

आपण घेतलेले बहुतेक औषध यकृतात मोडले जाते आणि मग शरीराबाहेर जाते. मोडण्याचे हे काम विकरे म्हणजेच एन्झाइम करतात. प्रत्येक विकराकडे काही ठरावीक औषधे सोपवलेली असतात.

एसटी स्थानकावरील तिकीट खिडकीची कल्पना करा. एक माणूस खिडकीशी आला आणि तिथेच घुटमळत उभा राहिला, तर मागची रांग वाढतच जाते. डायझेपाम मोडणाऱ्या प्रमुख विकरांपैकी एकाच्या खिडकीशी ओमेप्राझोल असेच अडून बसते. त्यामुळे डायझेपामचा निचरा मंदावतो. आजची गोळी पूर्ण बाहेर पडण्याआधी उद्याची पोटात जाते आणि रक्तातील साठा वाढत राहतो. ओमेप्राझोलचेच भावंड असलेल्या इसोमेप्राझोलच्या ३० मिलिग्रॅम मात्रेमुळे डायझेपामचा निचरा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो, असे मोजून पाहिलेले आहे.

मुळात डायझेपाम हे रेंगाळणारे औषध. तरुण माणसाच्या रक्तातूनही ते निम्मे व्हायला एक ते दोन दिवस लागतात. सत्तरीच्या घरातील माणसात तीन दिवसही लागू शकतात. त्यात आणखी अडथळा आला, की रात्रीची गुंगी दुपारपर्यंत उतरत नाही. काहींच्या यकृतातील हे विकर जन्मतःच मंद असते. म्हणून तीच मात्रा एकाला सोसते आणि दुसऱ्याला लोळवते.

तरुण माणसाला फार तर सकाळी डोके जड वाटेल, पण तो मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवणार असेल तर तेवढेही धोक्याचे. वृद्धाच्या बाबतीत रात्री पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याची भीती, आणि खुबा मोडल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत.

कोणती जोडी जपून?

सर्वच पित्ताच्या गोळ्या सारख्या नसतात आणि सर्वच झोपेच्या गोळ्याही नसतात.

सिमेटिडीन हे १९७६ साली आलेले औषध अनेक विकरांना एकदम अडवते. डायझेपामच नव्हे, तर अल्प्राझोलामचेही रक्तातील प्रमाण ते वाढवते. आता ते क्वचितच लिहिले जाते, तरी जुन्या चिठ्ठीवर आढळल्यास डॉक्टरांना जरूर दाखवावे.

ओमेप्राझोल व इसोमेप्राझोल यांची खरी अडचण डायझेपामबरोबर. पँटोप्राझोल या बाबतीत बरेच सौम्य आहे. फॅमोटिडीनचा झोपेच्या गोळ्यांवर असा परिणाम होत नाही. रॅनिटिडीनचाही परिणाम नगण्य, मात्र त्यात आढळलेल्या एका घातक अशुद्धीमुळे अमेरिकेत २०२० मध्ये ते बाजारातून काढण्यास सांगण्यात आले आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून २०२२ मध्ये वगळण्यात आले.

झोपेच्या गोळ्यांपैकी लोराझेपाम वेगळ्या वाटेने मोडले जाते. त्यामुळे त्यात ओमेप्राझोल वा सिमेटिडीन आडवे येत नाही. म्हणून ते निर्धोक ठरते असे मात्र नाही. तोल जाणे, विसर पडणे आणि सवय लागणे हे धोके त्यालाही आहेतच.

पातळ अँटासिडची तऱ्हा निराळी. ते यकृतात अडथळा आणत नाही, पण पोटात डायझेपामचे शोषण लांबवते. रात्री दहाला गोळी आणि लगेच दोन चमचे अँटासिड घेतले, की झोप वेळेवर येत नाही. माणूस अकराला दुसरी गोळी घेतो आणि मग दोन्हींचा अंमल एकदम चढतो. म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे आणि दुसरी गोळी मनाने कधीही घेऊ नये.

आणखी एक छुपी जोडी ध्यानात ठेवा. पोटदुखी, गॅस यांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही मिश्र गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असते. ते डायझेपामच्याच कुळातले. पोटाची गोळी समजून माणूस नकळत गुंगीचे दुसरे औषध घेत असतो. तेव्हा वेष्टनामागील बारीक अक्षरे वाचून घ्यावीत, किंवा घरातील शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावीत.

गाढ झोप आणि चढणारे आम्ल

हा संबंध रक्तापुरता नाही. रात्री आम्ल घशाकडे चढले, की निरोगी माणसाला अर्धवट जाग येते. तो आवंढा गिळतो, लाळ खाली उतरते आणि आम्ल धुऊन जाते. ही निसर्गाने ठेवलेली राखण आहे. झोपेची गोळी या राखणदारालाच झोपवते. झोल्पिडेम घेतलेल्या माणसांना आम्ल वर आले तरी जाग कमी येते आणि ते अन्ननलिकेत अधिक वेळ राहते, असे तपासण्यांत दिसले आहे. डायझेपामच्या कुळातील गोळ्या अन्ननलिकेच्या तळाची झडपही सैल करू शकतात. म्हणजे जळजळीमुळे झोप नाही म्हणून गोळी घ्यावी, तर जळजळीने होणारी इजाच वाढते. रुग्णाला मात्र वाटते, झोप लागली, म्हणजे बरे झाले!

म्हणून आधी आम्लपित्ताचा बंदोबस्त करावा. पुष्कळांची झोप त्यानेच परत येते.

काय करावे?

* रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास आटोपावे. पोटाला तड लागेल इतके जेवू नये.
* पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उंच करावी. नुसत्या उशा रचल्याने मान दुखते, उपयोग होत नाही.
* डाव्या कुशीवर झोपावे. तंबाखू, मिश्री, बिडी बंद. संध्याकाळनंतर चहा नको.
* ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल सकाळी न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यावे आणि किती आठवडे घ्यायचे ते डॉक्टरांना विचारावे. वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी पडू शकते.
* झोपेच्या गोळीबरोबर दारू कदापि नको. श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.
* हृदयविकारासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल मनाने घेऊ नये. विकर तेच असल्याने क्लोपिडोग्रेलचा गुण कमी होतो.

झोपेच्या बहुतेक गोळ्या २०१४ पासून एच-वन या परिशिष्टाखाली येतात. त्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. चिठ्ठी मागितली म्हणून दुकानदारावर रागावू नये. उलट आपणच त्याला चालू औषधांची यादी दाखवावी.

दोन इशारे

पहिला : हा लेख वाचून झोपेची गोळी आज रात्रीपासून बंद करू नका. अनेक महिने घेतलेली गोळी एकदम सोडल्यास झोप पूर्ण उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते.

दुसरा : छातीतील प्रत्येक जळजळ पित्ताची नसते. दुखणे जबड्याकडे वा हाताकडे जात असेल, दरदरून घाम येत असेल, धाप लागत असेल, तर गोळी चघळत बसू नका, ताबडतोब इस्पितळ गाठा. घास अडकणे, वजन उतरणे, काळी शौच होणे ही लक्षणेही थांबण्याची नव्हेत.

अण्णांचे काय झाले? मनगटाचे हाड सुदैवाने शाबूत होते. ओमेप्राझोल थांबवून पँटोप्राझोल दिले, रात्री साडेनऊचे जेवण सातवर आणले आणि पलंगाखाली विटा गेल्या. आठवडाभरात ते सकाळी पुन्हा पेपर वाचू लागले. त्यानंतर डायझेपाम थोडे थोडे कमी करत पाच महिन्यांत सुटले. आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक घडी घातलेला कागद असतो. त्यावर चालू औषधांची नावे आणि मात्रा मुलाने ठळक अक्षरात लिहून दिलेल्या आहेत. वाचकहो, असा एक कागद आपल्या घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या खिशात आजच ठेवा.