हिरवी शेते पिवळी झाली

१९९९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एका चित्रपटाचे चित्रण चालले होते. कथा १९३७ सालची. दिग्दर्शक कोएन बंधूंना धुळीने माखलेली, पिवळसर दृश्ये हवी होती. परंतु तेथील शेते नि झाडे तर हिरवीगार! छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी रासायनिक उपाय करून पाहिले. त्यांनी मनाजोगता रंग साधेना. अखेर चित्रपटाची फीत संगणकात उतरवून घेण्यात आली.

संगणकातील चित्र म्हणजे असंख्य सूक्ष्म ठिपके. प्रत्येक ठिपक्यातील तांबडा, हिरवा व निळा अंश आकड्यांनी मांडलेला असतो. तुम्ही म्हणाल, मग हिरव्याचा आकडा सरसकट कमी करावा! तसे केल्यास माणसांचे चेहरे जांभळट दिसू लागतात; कारण कातडीच्या रंगातही हिरव्याचा अंश असतोच. म्हणून हिरवे दिसणारे ठिपके तेवढे निवडून त्यांतील तांबड्याचा अंश वाढवितात. तांबडा आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा होतो. रंगपेटीशी खेळणाऱ्यांस हे नवलाचे वाटेल! एवढे करूनही एखाद्याचा हिरवा सदरा शेताबरोबर पिवळा पडतो. मग त्याच्याभोवती सीमारेषा आखून त्यास वगळावे लागते.

शिवाय डोळाही फसवितो. बराच वेळ पिवळे पाहिले, की तेच पांढरे भासू लागते. म्हणून जाणते कारागीर डोळ्यांबरोबर आकड्यांचे आलेखही तपासतात.

हे काम कित्येक आठवडे चालले. २००० साली 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा चित्रपट झळकला, तेव्हा त्यातील शेते वाळल्या गवतासारखी पिवळी होती.