‘इंटरप्ट इन बिट्वीन’ का म्हणायचं नाही?

व्हिडिओत वाक्यं भराभर पुढे जातात, म्हणून आजचा शब्द इथे निवांत लिहून देतोय. शब्द आहे इंटरप्ट.

मीरा रोडच्या नया नगरमध्ये तुमचं दुकान किंवा छोटं ऑफिस असेल, तर दिवसभरात तुम्ही किती भाषा बदलता ते आठवून बघा. एका गिऱ्हाइकाशी मराठी, शेजारच्या दुकानदाराशी हिंदी, एखाद्या बुजुर्गांशी थोडी उर्दू आणि बाहेरगावच्या खरेदीदाराचा फोन आला की इंग्रजी. डोक्यात मात्र वाक्य आधी आपल्याच भाषेत तयार होतं: ‘मध्ये बोलू नका’ किंवा ‘बीच में मत बोलो’. तेच उचलून इंग्रजीत ठेवलं की बाहेर पडतं, ‘डोन्ट इंटरप्ट इन बिट्वीन’.

हे चूक आहे, आणि कारण शब्दाच्या पोटातच आहे. इंटरप्ट हा शब्द मूळचा लॅटिन. इंटर म्हणजे मध्ये. रप्ट आलं ‘तोडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून. रप्चर, इरप्ट, डिसरप्ट हे सगळे त्याच घरातले. म्हणजे इंटरप्ट याचाच अर्थ ‘मध्ये तोडणे’. त्यात पुन्हा ‘इन बिट्वीन’ घातलं की गाईचं गोमूत्र झालं! नुसतं ‘डोन्ट इंटरप्ट’ पुरे.

दुसरी चूक ‘टू’ची. मराठीत आपण माणसाला ‘ला’ लावतो: त्याने मला थांबवलं. मग वाटतं इंग्रजीतही काहीतरी लावायला हवं, आणि ‘ही इंटरप्टेड टू मी’ येतं. नाही. इंटरप्टच्या पुढे थेट तो माणूस किंवा ते काम ठेवायचं. ‘ही इंटरप्टेड मी.’ ‘द फोन इंटरप्टेड अवर मीटिंग.’ तसंच ‘इंटरप्ट इन माय वर्क’ नाही, ‘इंटरप्ट माय वर्क’.

तिसरी चूक आपल्या ‘करणे’मुळे होते. आपण कुठलाही इंग्रजी शब्द घेऊन त्याला ‘करणे’ जोडतो: फोन करणे, चेक करणे, इंटरप्ट करणे. मराठी बोलताना चालतं, बिनधास्त चालवा. पण इंग्रजीत जाताना ते ‘करणे’ ‘डू’ होऊन सोबत येतं: ‘प्लीज डोन्ट डू इंटरप्ट.’ इथे ‘डू’ काढून टाका. इंटरप्ट स्वतःच क्रियापद आहे. उच्चारात जोर शेवटच्या ‘रप्ट’वर द्यायचा, आणि भूतकाळात शेवटी ‘टेड’ स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुटायला आधी काहीतरी चालू असावं लागतं. म्हणून हा शब्द बहुतेकदा चालू काळाच्या शेजारी बसतो: ‘आय वॉज चेकिंग द बिल व्हेन ही इंटरप्टेड मी.’ मी बिल तपासत होतो, तेवढ्यात तो मध्ये बोलला. काहीच चालू नसताना कुणी आलं, तर ते इंटरप्ट होत नाही. दुपारी शटर अर्धं ओढून तुम्ही डोळे मिटून पडलात आणि कुणी बेल वाजवली, तर तुमची शांतता मोडली. तिथे डिस्टर्ब. पावसाने लोकलचं सगळं वेळापत्रकच कोलमडलं, तर डिसरप्ट. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवसाबद्दल लिहायचं तर ‘हेवी रेन डिसरप्टेड ट्रेन सर्व्हिसेस’ असंच लिहायचं. आपण तिन्ही ठिकाणी ‘डिस्टर्ब’ वापरून मोकळे होतो.

आता धंद्याचा मुद्दा. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये. त्यामुळे फोनवर समोरचा इंग्रजीत सुसाट सुटला की आपण नुसतं ‘येस सर, येस सर’ करतो. समजा, त्याने शर्टांची ऑर्डर सांगितली. फिफ्टीन डझन म्हणाला की फिफ्टी डझन? तुम्हाला नीट ऐकू आलं नाही आणि संकोचाने तुम्ही गप्प बसलात, तर ३५ डझनांचा फरक पडतो. तो माल कुणाच्या गळ्यात मारणार? अशा वेळी मध्ये बोलायलाच हवं. असं बोला: ‘सॉरी टू इंटरप्ट, सर. डिड यू से फिफ्टीन ऑर फिफ्टी? वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?’ यात उद्धटपणा काहीच नाही. उर्दूत हेच ‘कता-कलामी माफ’ म्हणून किती अदबीने सांगतात! आधी माफी, मग लगेच प्रश्न. माफी मात्र लांबवू नका, नाहीतर समोरचा आणखी चार वाक्यं पुढे जाईल.

उलट गिऱ्हाईक तुम्हाला मध्ये तोडत असेल, तर ‘डोन्ट इंटरप्ट मी’ म्हणू नका. व्याकरण बरोबर, पण गिऱ्हाईक गेलं. ‘कॅन आय जस्ट फिनिश धिस पॉइंट?’ एवढंच हसून म्हणा.

बोलणं चालू असताना तुमचाच दुसरा फोन वाजला, तुम्ही तो घेऊन परत आलात, तर ‘सॉरी फॉर द इंटरप्शन’. इंटरप्शन हे नाम, म्हणून त्याच्याआधी ‘फॉर’. दूरदर्शनवर पूर्वी चित्र गेलं की ‘रुकावट के लिए खेद है’ अशी पाटी यायची. तोच अर्थ, तीच जागा.

हे नाम कागदोपत्री फार भेटतं. काउंटरखालच्या यूपीएसचं पूर्ण नाव अनइंटरप्टिबल पॉवर सप्लाय, म्हणजे खंडित न होणारा वीजपुरवठा. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागीच थांबल्या. तिथे ‘पॉवर सप्लाय वॉज इंटरप्टेड’ बरोबर. वीज कंपन्यांच्या हिशेबात सैफी नावाचा एक निर्देशांक असतो, ग्राहकाची वीज सरासरी किती वेळा गेली ते सांगणारा. त्यातला एक ‘आय’ इंटरप्शनचाच.

विम्याच्या कागदावर ‘बिझनेस इंटरप्शन’ दिसलं तर मात्र तिथे थांबून वाचा. दुकान कुठल्याही कारणाने बंद पडलं की पैसे मिळतील, असा त्याचा अर्थ होत नाही. साधारणपणे आगीसारख्या, पॉलिसीत लिहिलेल्या कारणाने आधी मालमत्तेचं नुकसान व्हावं लागतं. त्यामुळे धंदा थांबला तर बुडालेल्या नफ्याचा विचार होतो. एजंटला सरळ विचारा: ‘व्हॉट काइंड ऑफ इंटरप्शन इज कव्हर्ड?’ आणि उत्तर लेखी घ्या.

सरावासाठी तीन वाक्यं, मोठ्याने म्हणा. ‘मी हिशेब करत होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाने मला मध्येच थांबवलं.’ ‘मध्ये बोलतोय, माफ करा, पण डिलिव्हरी कधी आहे?’ ‘कॉल दोनदा तुटला.’ पहिल्याचं उत्तर: ‘आय वॉज डुइंग द अकाउंट्स व्हेन अ कस्टमर इंटरप्टेड मी.’ दुसऱ्याचं: ‘सॉरी टू इंटरप्ट, बट व्हेन इज द डिलिव्हरी?’ तिसऱ्यात फसलात ना? फोन पूर्ण कटला तर ‘द कॉल गॉट डिस्कनेक्टेड ट्वाइस’. फोन चालूच होता, पण कुणीतरी दोनदा मध्ये येऊन बोललं, तर ‘द कॉल वॉज इंटरप्टेड ट्वाइस’.