घरपट्टी आणि जुना फ्रीज

मुलांनो, 'घरपट्टी' हा शब्द तुम्ही भारतात आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. येथे 'पट्टी' म्हणजे कर. घराच्या मालकाने दरवर्षी भरायचा कर ती घरपट्टी, आणि पाण्यासाठीचा कर ती पाणीपट्टी. सिंगापूरमध्ये घरपट्टीला प्रॉपर्टी टॅक्स म्हणतात.

दर वर्षाच्या शेवटी या कराची बिले येतात. त्याच सुमारास घर बदलणे, घर भाड्याने देणे, जुने सामान काढणे अशी कामेही निघतात. म्हणून या पाठात दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत. घर असो की फ्रीज, मालकाची जबाबदारी कुठपर्यंत असते, हे दोन्हीकडे नीट समजून घ्यावे लागते.

घरपट्टी कशी मोजतात?

आपले घर वर्षभर भाड्याने दिले असते तर साधारण किती भाडे आले असते, याचा अंदाज सरकारचे कर खाते म्हणजे आय.आर.ए.एस. काढते. त्यात फर्निचर आणि देखभालीचा खर्च धरत नाहीत. या रकमेला 'अ‍ॅन्युअल व्हॅल्यू' म्हणतात. आपण तिला 'वार्षिक मूल्य' म्हणू. घर प्रत्यक्ष भाड्याने दिलेले नसले तरी हे मूल्य ठरतेच.

पुढचा प्रश्न महत्त्वाचा: घरात मालक स्वतः राहतो का?

मालक स्वतः राहत असेल तर १ जानेवारी २०२५ पासून पहिल्या १२,००० डॉलर मूल्यावर कर शून्य आहे. त्यापुढे ४०,००० पर्यंतच्या मूल्यावर ४ टक्के, आणि त्याहून महाग घरांना टप्प्याटप्प्याने ३२ टक्क्यांपर्यंत. मालक राहत नसेल तर पहिल्या डॉलरपासून कर लागतो: ३०,००० पर्यंत १२ टक्के, पुढे वाढत ३६ टक्क्यांपर्यंत.

आता गणित करू. समजा, एका घराचे वार्षिक मूल्य २४,००० डॉलर आहे.

मालक राहतो: २४,००० वजा १२,००० = १२,०००. त्याचे ४ टक्के = ४८० डॉलर.

घर भाड्याने दिले: २४,००० चे १२ टक्के = २,८८० डॉलर.

घर तेच, पण कर सहापट! बदलीमुळे किंवा भारतात परत जायचे म्हणून घर भाड्याने देताना पुष्कळ कुटुंबे भाड्याचा हिशेब करतात आणि हा फरक धरायला विसरतात. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर लागतो तो वेगळा. मात्र तो मोजताना ही घरपट्टी खर्च म्हणून वजा करता येते.

पालकांसाठी काही सूचना:

१. कर ३१ जानेवारीपर्यंत भरायचा असतो. उशीर झाल्यास ५ टक्के दंड लागतो. एकदम रक्कम देणे जड जात असेल तर जायरोने बारा मासिक हप्ते पाडून घेता येतात, आणि त्यावर व्याज नाही.

२. कमी दर एकाच घराला मिळतो. पती-पत्नींच्या नावावर दोन घरे असली तरी दोघांत मिळून एकच.

३. घरात स्वतः राहून एखादी खोली भाड्याने दिली तर कमी दर कायम राहतो. संपूर्ण घर दिले किंवा राहायला दुसरीकडे गेलात, तर कर खात्याला आपण होऊन कळवावे.

४. एच.डी.बी.चा संपूर्ण फ्लॅट भाड्याने देण्याची मुभा फक्त सिंगापूरच्या नागरिकांना आहे, पी.आर. कुटुंबांना नाही. बेत आखण्यापूर्वी हे लक्षात असू द्यावे.

५. आपण भाडेकरू असाल तर हा कर आपल्याला भरायचा नसतो. तो मालकाचा.

ज्यांचे पुण्यात घर आहे त्यांनाही हाच प्रश्न पडतो. पुणे महानगरपालिका मालक स्वतः राहत असलेल्या घराला घरपट्टीत ४० टक्क्यांची सवलत देते. मध्यंतरी बंद पडलेली ही सवलत २०२३ साली राज्य सरकारच्या निर्णयाने पुन्हा मिळू लागली, आणि त्यासाठी 'पीटी-३' नावाचा अर्ज भरून घेण्यात आला. घर भाड्याने दिलेले असेल तर ही सवलत नाही. मुंबईचा नियम निराळा आहे. तेथे १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. भारतात गेल्यावर आपल्या घराची पावती एकदा नीट वाचावी.

जुन्या फ्रीजचे काय करायचे?

भारतात भंगारवाला दारावर येतो, तसा सिंगापूरमध्ये 'कारांग गुनी' येतो. 'गुनी' म्हणजे आपले गोणपाट! पूर्वी हे लोक गोणी पाठीवर टाकून रद्दी गोळा करत, त्यावरून हे मलाय नाव पडले.

पण फ्रीज म्हणजे रद्दी नव्हे. त्याच्या नळ्यांत थंडावा निर्माण करणारा वायू असतो. पुष्कळ जुन्या फ्रीजमध्ये आर-१३४ए हा वायू आहे. तो हवेत सुटला तर पृथ्वीचे तापमान वाढवण्याच्या बाबतीत तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साईडच्या हजारपटीहून अधिक परिणाम करतो. तांब्यासाठी कोणी नळी नुसती कापली, की तो वायू गेलाच. योग्य कारखान्यात आधी वायू काढून घेतात, मग तांबे, लोखंड आणि प्लॅस्टिक वेगळे करतात.

यासाठी सिंगापूरमध्ये १ जुलै २०२१ पासून नियम लागू आहे. नवा फ्रीज, धुलाईयंत्र, टीव्ही किंवा एअरकंडिशनर घरपोच घेताना त्याच प्रकारची एक जुनी वस्तू दुकानदाराने फुकट परत न्यायची असते. मात्र ऑर्डर देतानाच तसे सांगावे. भिंतीवरचा एअरकंडिशनर उतरवण्याची मजुरी वेगळी पडू शकते, तीही आधी विचारावी. नवी वस्तू घेत नसाल, तर आपल्या टाउन कौन्सिलला किंवा कॉन्डोच्या ऑफिसला फोन करून मोठे सामान नेण्याची सोय विचारावी.

आणखी काही गोष्टी:

१. भाड्याच्या घरातला फ्रीज बहुधा मालकाचा असतो. कराराबरोबरची सामानाची यादी पाहिल्याशिवाय आणि मालकाला विचारल्याशिवाय तो काढू नये.

२. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून रिकामा व कोरडा करावा. दार टेपने पक्के बांधावे. मुलांनो, टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपण्याचा खेळ कधीही खेळू नका. आत हवा पुरत नाही आणि आतून दार उघडता येईलच असे नाही.

३. न्यायला माणूस येईपर्यंत वस्तू कॉरिडॉरमध्ये ठेवू नये. एच.डी.बी.च्या कॉरिडॉरमध्ये निदान १.२ मीटर वाट मोकळी हवी. आग लागली तर सगळे त्याच वाटेने बाहेर पडणार.

४. मोबाईल, लॅपटॉप, बॅटऱ्या, बल्ब यांसाठी मॉलमध्ये ई-कचऱ्याच्या पेट्या असतात. काय टाकता येते ते पेटीवर लिहिलेले असते. फुगलेली बॅटरी पेटीत टाकू नये.

५. फोन किंवा लॅपटॉप देण्यापूर्वी फोटोंची प्रत काढून ठेवावी, सिमकार्ड काढावे, सर्व खात्यांतून बाहेर पडावे आणि मगच यंत्र पूर्ण पुसावे. फाईल कचरापेटीच्या चित्रावर टाकली म्हणजे ती नाहीशी झाली असे नव्हे.

सिंगापूरचा उरलेला कचरा जाळून त्याची राख सेमाकाऊ बेटावर नेतात. हे कचराभरणीचे ठिकाण १९९९ मध्ये सुरू झाले, आणि २०३५ च्या सुमारास भरेल असा सरकारी अंदाज आहे. आज बालवर्गात असलेली मुले तेव्हा कॉलेजच्या वयाच्या आसपास असतील. दुसरे बेट कोठून आणायचे?

शब्दार्थ

भाडेकरू – भाडे देऊन राहणारा. हप्ता – रकमेचा ठरलेल्या वेळी द्यायचा भाग. सवलत – सूट. विल्हेवाट – नको असलेल्या वस्तूची योग्य व्यवस्था. भंगार – मोडके सामान.

स्वाध्याय

१. एका घराचे वार्षिक मूल्य ३०,००० डॉलर आहे. मालक राहत असताना आणि भाड्याने दिल्यावर कर किती? (उत्तर: ७२० आणि ३,६०० डॉलर.)

२. घरातील बंद पडलेल्या विजेच्या वस्तूंची मराठीत यादी करा. प्रत्येकीपुढे ती कोठे द्यायची ते आई-बाबांना विचारून लिहा.

३. 'विल्हेवाट' हा शब्द वापरून दोन वाक्ये करा.